गोट्याचे डोळे उघडत नव्हते

(पडद्यावर : मोबाईलवर काढलेला जुना, हलता व्हिडिओ. फ्लॅटची गॅलरी, निळा प्लास्टिकचा टब, पाण्यात एक कासव.)

हा व्हिडिओ 2018 च्या डिसेंबरमधला, डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरातला. मागनं आईचा आवाज येतोय बघा, "अरे झोपलंय ते, थंडी पडलीये ना, झोपू दे की." आणि मी हसतोय. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं गोट्या झोपलाय. तो झोपला नव्हता. त्याचे डोळे सुजून बंद झाले होते, त्याला दिसत काहीच नव्हतं, आणि दहाबारा दिवस तरी त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. आता थांबवून बघतो तर सगळं दिसतं, मान कशी लांब केलीये, एका बाजूला कसा कलून तरंगतोय. तेव्हा तेच मला गोड वाटलं म्हणून तर व्हिडिओ काढला.

गोट्या म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो ना, तेच. मूळचं हे अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, पण आपल्याकडे ज्याच्या ज्याच्या घरी "आमच्याकडे कासव आहे" म्हणतात तिथे बहुतेक वेळा हेच निघतं. बहिणीच्या हट्टापायी 2016 मध्ये आणलं तेव्हा पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं. दुकानदार म्हणाला, एवढंच राहतं, काही करावं लागत नाही, हा डबा घ्या आणि दिवसातनं दोनदा चिमूटभर टाका. डब्यात काय, तर सुकवलेले बारीक झिंगे. म्हणजे आपली सुकटच की, फक्त डबा रंगीत. दोन वर्षं आम्ही त्याला ती सुकट घातली, वर कधी भाताचं शीत, कधी पोळीचा तुकडा. एवढंच राहतं हे तर साफ खोटं होतं, मादी असेल तर पाठ 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत जाते आणि वीसतीस वर्षं सहज जगते, पण ते नंतर कळलं.

(पडद्यावर : गोट्याच्या डोळ्यांचा क्लोजअप. दोन्ही पापण्या फुगलेल्या.)

कुत्रा आजारी पडला की घर डोक्यावर घेतो, मांजर निदान कोपऱ्यात जाऊन बसतं. कासव काही म्हणजे काहीच करत नाही. शरीर सगळं सावकाश चालतं, त्यामुळे आजारही सावकाश वाढतो आणि तुम्हाला दिसेपर्यंत तो कित्येक आठवडे जुना झालेला असतो. त्यात भर म्हणजे निसर्गात अशक्तपणा दाखवला की कुणीतरी खाणार, म्हणून जमेल तितके दिवस ते नॉर्मलच असल्यासारखं वागतं.

पहिल्या दोन डॉक्टरांनी सांगितलं आम्ही कासव बघत नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं ते बरंच झालं, कारण कुत्र्यामांजराच्या अंदाजाने औषध देणारा भेटला असता तर गोट्या राहिला नसता. एकच उदाहरण देतो. आयव्हरमेक्टिन नावाचं औषध कुत्र्यांना, गुरांना जंतांवर, गोचिडांवर सर्रास देतात, तेच कासवाला जीवघेणं ठरतं. तिसऱ्या डॉक्टर ठाण्याच्या पलीकडे सापडल्या, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या. रविवारची लोकल, मांडीवर खोका, खोक्यात ओलसर टॉवेल. पाण्यात घालून न्यायचं नाही हे त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, अशक्त कासव पाण्यातलं असलं तरी बुडू शकतं. हे ऐकून मला खरंच धक्का बसला होता, कासव आणि बुडणार?

त्यांनी कासवाला हात लावायच्या आधी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी किती डिग्री असतं? माहीत नाही. ऊन मिळतं? हो मॅडम, खिडकीतनं येतं की. काचेची खिडकी? हो. खायला काय? सुकट. आधीचं वजन किती होतं? म्हटलं, कासवाचं वजन कोण करतं. त्या म्हणाल्या, "अहो, मग हे किती खंगलंय ते मला कळणार कसं?"

मग त्यांनी जे समजावलं ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. नुसती सुकट खाल्ली की अ जीवनसत्त्व मिळत नाही. पिल्लू अंड्यातनं येताना थोडा साठा घेऊन येतं, तो संपला की डोळ्यांच्या ग्रंथींचं आतलं अस्तर जाड आणि कोरडं व्हायला लागतं, कचरा साठतो, पापण्या सुजतात. डोळे मिटले की खाणं दिसत नाही, आणि स्लायडर बघून खाणारा प्राणी, न दिसल्यामुळे खात नाही, न खाल्ल्यामुळे जीवनसत्त्व आणखी कमी. असं ते चक्र. बरं, तसंच अस्तर श्वासनलिकेतही असतं. ते बिघडलं आणि वर गॅलरीतलं डिसेंबरचं गार पाणी, की न्यूमोनिया. कासवाला आपल्यासारखा छातीपोटामधला स्नायूचा पडदा नसतो, त्याला नीट खोकताच येत नाही, म्हणजे फुप्फुसात साठलेलं आतच राहतं. फुप्फुसं असतात पाठीच्या कवचाला लागून, तीच त्याला तरंगवतात, एका बाजूचं भरलं की कासव त्या बाजूला कलतं. तो माझा गोड व्हिडिओ म्हणजे हे होतं.

(पडद्यावर : एक्स-रे. कवचाच्या आत एक बाजू काळी, दुसरी पांढुरकी.)

डोळे सुजलेत म्हणून लोक माणसांचे ड्रॉप्स घालतात, मीही घातले होते. ड्रॉप्सनी मूळ कारण जात नाही. दुसरं टोक म्हणजे कुणीतरी अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ठोकून देतं, त्याचा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी सोलून निघते. गोट्याला डॉक्टरांनी अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, तीही दर 72 तासांनी एक, कारण शरीरातनं औषध बाहेर पडायलाच तेवढा वेळ लागतो. सुई पुढच्या पायात. आणि औषधाइतकीच ऊब महत्त्वाची. याचं रक्त बाहेरच्या तापमानावर चालतं, गार पाण्यात त्याची प्रतिकारशक्ती आणि पचन दोन्ही थंड, मग अँटिबायोटिक एकटं काय करणार. म्हणून आम्ही त्याला बाहेर कोरड्यात, 28-29 अंशांच्या उबेत ठेवलं आणि दिवसातनं दोनदा हनुवटीपर्यंत येईल एवढ्याच कोमट पाण्यात बसवायचं, स्लायडर पाण्याशिवाय गिळू शकत नाही म्हणून खाणंही तेव्हाच. जबरदस्तीने तोंड उघडून भरवायचं नाही हे आईला तीनदा सांगावं लागलं. तिचा जीव तुटत होता, माझ्यावर चिडायची पण.

"हिवाळ्यात कासव झोपतंच" हा जो समज आहे ना, त्याने किती कासवं गेली असतील. मुंबईच्या फ्लॅटमधलं कासव शीतनिद्रेत जात नाही. थंड होतं, खायचं थांबतं, आणि आपण म्हणतो झोपलंय. अजून एक, थंडीने गारठलेलं कासव अगदी मेल्यासारखं दिसतं, हृदय इतकं सावकाश चालतं की कळत नाही, तर कुंडीत पुरायची घाई करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, मान ताणून टकटक असा आवाज, कलून पोहणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही. डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली तर तो पू असतो, पण कासवाचा पू पनीरसारखा घट्ट असतो, आपोआप फुटून वाहून जात नाही, कापूनच काढावा लागतो. कवचाचं सांगायचं तर वरचे पातळ पारदर्शक पापुद्रे निघतात ते नॉर्मल, अंग वाढतंय. खड्डे, वास, खाली गुलाबी किंवा मऊ भाग, हे नॉर्मल नाही. आणि मोठं झालेलं कासव बोटाने दाबलं तर कवच दबतं, याचा अर्थ हाडातलं कॅल्शियम गेलंय. कवच म्हणजे काही वरून घातलेलं चिलखत नाही, बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात जुळलेला असतो, त्याला स्पर्श कळतो, दुखतंही. त्यावर खोबरेल तेल चोळून चमकवणाऱ्यांना काय म्हणावं. चमकतं छान, हे खरं.

खिडकीतल्या उन्हाचं कोडंही तेव्हाच सुटलं. कॅल्शियम अंगी लागायला उन्हातले यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात आणि साधी काच ते अडवते. म्हणजे आमचा गोट्या दोन वर्षं उन्हात बसून अंधारातच होता म्हणायचं. आता यूव्हीबीची ट्यूब आहे, वर्षाने बदलतो, ती पेटती दिसत असली तरी किरण संपलेले असतात. पाण्यात हीटर, चढून बसायला कोरडी जागा, फिल्टर, पेलेट्स म्हणजे कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मधूनमधून गांडूळ. कॅल्शियमला समुद्रफेन टाकतो, म्हणजे माकुळाच्या आतलं पांढरं कवच, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कोकणातल्या किनाऱ्यावर तर फुकट पडलेलं असतं.

(पडद्यावर : फोनवर आलेला फोटो. पिवळ्या चांदण्यांचं नक्षीचं कवच.)

हा फोटो मला एका ओळखीच्यांनी पाठवला, नाक गळतंय, काय करू म्हणून. हे स्टार कासव, जमिनीवरचं. याला घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. घरात सुखसमृद्धी येते म्हणून आणतात लोक. मी त्यांना वन विभागाचा 1926 नंबर दिला. त्यांनी फोन केला की नाही, मी विचारलं नाही.

(पडद्यावर : आजची गॅलरी. मोठी काचेची टाकी, वर दिवा.)

औषध सुरू झाल्यापासून तेविसाव्या दिवशी गोट्याचा एक डोळा किलकिला उघडला. सव्विसाव्या दिवशी गोट्याने गांडूळ ओढलं आणि आई ओरडली, शेजारचे बघायला आले. पुढे 2020 मध्ये लॉकडाऊनच्या काळात तो दोन दिवस टाकीच्या काचा ओरबाडत होता, जेवेना, परत आमचे धाबे दणाणले, एक्स-रे काढला तर आत सात अंडी. म्हणजे गोट्या बाई निघाली. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि अंडी अडकली तर जीव जातो. आधी कॅल्शियम, मग अंडी बाहेर ढकलायला कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, आणि वाळूच्या टबमध्ये सातही अंडी एका रात्रीत. नाव बदललं नाही, तो पण तसाच राहिला, घरात कुणाच्या तोंडी "ती" बसतच नाही.

रविवारी सकाळी वजन. वजनकाटा वेगळा घ्यावा लागला, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, याच कारणाने अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली, आणि आईने सांगून ठेवलंय की तिच्या करंज्यांच्या मैद्याच्या काट्यावर हा चढला तर आम्ही दोघंही घराबाहेर. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, बाथरूममध्ये. हात साबणाने.

मागच्या रविवारी 1,284 होतं.

(पडद्यावर : काट्यावर गोट्या, पाय हलवतोय. आकडा स्थिर होत नाही.)

थांब रे. हलू नको. आई, जरा वही दे... 1,279. पाच ग्रॅम कमी. शी केली असेल. पुढच्या रविवारी बघू परत.