खांद्यातला आमवात: हात हलवा, भार टाकू नका

वेणी घालायला हात मानेमागे जात नाही. फळीवरची लोणच्याची बरणी खाली घेताना कळ येते. पोफळीच्या बागेत वाकून काम जमतं, पण आंबे काढायची जाळीची काठी, म्हणजे झेला, वर धरला की खांदा भरून येतो. दोन्ही खांदे दुखत असतील, सकाळी तासभर आखडलेले राहत असतील आणि बोटांच्या पेरांना किंवा मनगटांना सूजही असेल, तर ‘पावसाळी वात’ म्हणून तेल चोळत बसू नका. हा आमवात असू शकतो. डॉक्टर कागदावर आर.ए. (रूमेटॉइड आर्थरायटिस) लिहितात तो.

दमट हवेत दुखणं जास्त जाणवू शकतं, पण सांधा बिघडतो तो सुजेनं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर जाड होतं आणि हळूहळू कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण), हाडाचे काठ कुरतडतं. खांद्यात आणखी एक अडचण असते. इथली खोबण उथळ, त्यामुळे हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवतात चार स्नायूंच्या दोऱ्या. सुजेनं त्या विरतात. त्यात जड ओझं उचललं की फाटतात, मग गोळा वर सरकतो आणि हात उचलतच नाही.

रक्ताच्या तपासणीत आमवाताच्या खुणा म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, तर सूज किती आहे ते कळायला ईएसआर आणि सीआरपी बघतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, सोनोग्राफीत सूज दिसू शकते.

आता औषध. इथे जीवघेणी चूक होते, म्हणून नीट ऐका. आमवातावर सहसा देतात ती मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. एक वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा. फॉलिक ॲसिड सहसा वेगळ्या दिवशी देतात. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी करा, दारू टाळा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

लावणीच्या दिवसांत चिखलात उतरता, तिथे लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून चिखल-पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती असते. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कोणीही अँटिबायोटिक लिहून दिलं की मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा. कोट्रायमोक्साझोल त्याच्यासोबत धोक्याचं आहे. आणि हो, ‘जडीबुटी’च्या पुडीनं दोन दिवसांत मोकळं वाटलं, तर आत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

[बाजूने उभे राहून] हे बघा. चांगला हात टेबलावर टेकवा, कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा. ताटलीएवढे गोल, 10 इकडून, 10 तिकडून, दिवसातून दोनदा. मग भिंतीकडे तोंड करून बोटं पायरी-पायरीनं वर चढवा आणि जिथं अडतं तिथं पेन्सिलीची खूण करा. व्यायामानंतर दुखणं दोन तासांच्या वर टिकलं, तर उद्या निम्मं करा. खांदा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी फक्त सैल हाताचे गोल झोके. आखडला असेल तर शेक 15 मिनिटं, तापलेला असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं.

विहिरीवर कळशी भरून ओढू नका, अर्धीच घ्या. नारळ खवताना कोपर अंगाला लागून असू द्या. सोलायचा नारळ मात्र दुसऱ्याकडे द्या. झेला तर अजिबात नको, कारण लांब काठीच्या टोकाचं वजन खांद्याला कितीतरी पट लागतं. झोपताना दुखऱ्या कुशीवर नाही. उताणं झोपा, कोपराखाली उशी ठेवा.

खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि त्यानं आराम पडतो, पण वर्षाला तीन-चारच्या वर सहसा देत नाहीत. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात आहे हे आवर्जून सांगा, कारण या आजारात मानेचे मणकेही ढिले झालेले असू शकतात. आणि एकच खांदा अचानक लाल, गरम झाला, ताप भरला, तर तो सांध्यात झालेला संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.