लाईट गेली की रेकॉर्डिंग

(पडदा काळा. फक्त यंत्रमागांचा आवाज. मग हळूहळू पूर्व भागातली एक गल्ली उजळते. सकाळ.)

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. कानावर पडतो, पण आवाज आहे असं वाटत नाही. माग थांबले की मात्र झोपलेला माणूस दचकून उठतो.

माझ्या चुलतभावाची रेकॉर्डिंगची खोली अशाच एका कारखान्याला लागून आहे. दहा बाय दहाची. चारही भिंतींना चादरी टांगलेल्या, दुहेरी घडी करून. दाराला जाड टॉवेल. बाहेरगावचे पाहुणे आले की आधी फोटो काढतात, मग चपला.

या चादरींचा उपयोग आहे. खोलीत टाळी वाजवली तर ती भिंतीवर आपटून परत येत नाही. पण शेजारच्या मागाचा धक्का जमिनीतून येतो, भिंतीतून येतो. त्याला चादर काय करणार? म्हणून इथलं रेकॉर्डिंग लाईटच्या मर्जीवर चालतं. लाईट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो, आणि भाऊ लॅपटॉप उघडतो. लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा, लॅपटॉपच्याच यूएसबीवर. अर्धा तास मिळाला तर एक अभंग होतो. सोलापुरात लाईट गेल्यावर खूश होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बाहेर ओट्यावर काका बसलेत. तीस वर्षं मागावर काढली. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बोलावं लागतं.

(दृश्य: माइकसमोर भजनी मंडळातल्या एक मावशी. कानांवर मोठा काळा हेडफोन, त्यावरून पदर.)

भावाकडे पोरं येतात ती एकच प्रश्न घेऊन. हेडफोन कुठला घेऊ? भाऊ उलट विचारतो, कुठं बसून ऐकणार? पोरांना वाटतं, हा टाळतोय.

तो टाळत नाही. त्याचा स्वतःचा पहिला हेडफोन ओपन-बॅक होता. म्हणजे कानाच्या कपाला बाहेरून जाळी, आवाज दोन्हीकडे मोकळा. सेनहायझर कंपनीनं १९६८ साली एचडी ४१४ हा हेडफोन काढला, तेव्हापासून ही जात बाजारात आहे, आणि चांगलं ऐकणाऱ्यांमध्ये तिचं मोठं नाव आहे. भावानं ते नाव ऐकलं, पैसे साठवून जुना घेतला आणि याच मावशींच्या कानावर चढवला. मावशी सुंदर गायल्या. रात्री ऐकायला बसलो तर दोन ओळींच्या मधल्या शांततेत टिक, टिक, टिक. लयीसाठी हेडफोनमध्ये दिलेला क्लिक जाळीतून बाहेर पडून माइकमध्ये शिरलेला. कंडेन्सर माइक ४८ व्होल्टवर चालतो आणि डाससुद्धा सोडत नाही, तो क्लिक कसा सोडेल? सगळी संध्याकाळ वाया. हेडफोन चांगलाच होता. जागा चुकली होती.

गाताना कानावर क्लोज्ड-बॅकच हवा, पाठ बंद असलेला. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालचा हेडफोन आजही स्टुडिओंमध्ये दिसतो, जुन्या टेलिफोनसारख्या पीळदार वायरीसकट. दिसायला काही नाही. आवाज थोडा टोचरा, म्हणून ‘स’ जास्त झाला, श्वास मोठा आला, ते लगेच कळतं. कामाला असाच लागतो. रात्री पडल्या पडल्या गाणी ऐकायला मी तो देणार नाही.

आणि वायरच. यावर दर महिन्याला भांडण होतं. एक तबलजी ब्लूटूथ घेऊन आला, चांगला महागाचा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. गाणं नुसतं ऐकताना हे कळत नाही, कारण सगळंच सारखं उशिरा येतं. पण भजन शेवटाला चढतं, लय मिनिटाला २४० मात्रांवर जाते, तेव्हा एक मात्रा किती? बरोबर २५० मिलिसेकंदांची. म्हणजे तबलजी अर्ध्या मात्रेहून जास्त, कधी अख्खी मात्रा मागं. तो बिचारा भावाला म्हणत होता, तुझा लॅपटॉप स्लो आहे.

(दृश्य: टेबलावर उघडा खोका, हेडफोन, पावती.)

आता माझी चूक. मी एक स्टुडिओवाला हेडफोन मागवला. खोक्यावर २५० ओहम लिहिलेलं. मला वाटलं, ३२ पेक्षा २५० केव्हाही जास्तच चांगलं. मोबाइलला लावला. आवाज पूर्ण वाढवला तरी गायक शेजारच्या घरात बसून गातोय असं वाटायचं. हेडफोन खराब आला म्हणून मी दोन दिवस चिडचिड केली. भावानं तोच हेडफोन इंटरफेसला लावून दिला, तर खणखणीत. जास्त ओहम म्हणजे हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं, एवढंच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो. नाव तेच, रूप तेच. घेताना आकडा बघायचा, आणि मोबाइलवर ऐकणार असाल तर लहान आकडा घ्यायचा.

(दृश्य: जुळे सोलापूर. रात्रीचे साडेदहा. पलंगावर तीन पोरं, तीन मोबाइल.)

इथं प्रश्न वेगळा. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम चालू आहे. शत्रूचं पाऊल कुठं वाजलं, जिन्यावर की मागच्या खोलीत, हे ज्याला आधी कळेल तो वाचेल. आपला मेंदू दिशा ओळखतो ती मुख्यतः डाव्या आणि उजव्या कानातल्या फरकावरून. यातला वेळेचा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो, आणि दोन कानांना दोन स्पीकर पुरतात. खोक्यावर ७.१, म्हणजे आठ स्पीकर, असं छापलेलं असतं, पण बहुतेकांच्या आत स्पीकर दोनच. बाकीचे सहा सॉफ्टवेअरनं भासवलेले. गेम स्वतः ते काम करत असेल आणि वरून हेडसेटचंही चालू ठेवलं, तर दिशा उलट गढूळ होते. एक बंद करा. रंगीत दिवे लावलेल्या हेडसेटपेक्षा गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या वायरच्या इअरफोननं जास्त मारणारा पोरगा याच खोलीत बसलाय. तो मधला.

त्यांची एक तक्रार मात्र खरी आहे. ब्लूटूथवर माइक चालू केला की गेमचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. बिघाड नाही तो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला चांगलं ऐकवणं आणि बोलणं दोन्ही एकदम झेपत नाही, म्हणून ते फोन कॉलच्या दर्जावर उतरतं. वायर लावली की प्रश्न मिटतो. किंवा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल येतो तो हेडसेट, पण तो मुख्यतः कॉम्प्युटरवाल्यांसाठी.

(स्वयंपाकघरातून हाक. उत्तर नाही. दुसरी हाक.)

क्लोज्ड-बॅकचा हा तोटा. तिसऱ्या हाकेला आई स्वतः येते.

(दृश्य: होटगी रोड. गच्ची. खुर्चीत एक निवृत्त शिक्षक.)

उन्हाळ्यात सोलापूर त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातं. रात्री दहानंतर गच्ची बसण्यालायक होते. हे गुरुजी नाट्यसंगीत ऐकतात, ओपन-बॅकवर. भावानं घाम गाळून घेतलेला आणि नंतर विकलेला तो हाच. इथं माइक नाही, शेजारी झोपलेला माणूस नाही, मागांचा आवाज लांब. तानपुऱ्याची जवारी डोक्याच्या आत न वाजता समोर, थोडी लांब वाजल्यासारखी वाटते. शिवाय कानाला वारा लागतो. गुरुजींच्या मते हाच मुख्य गुण.

कानाच्या कपावरच्या गाद्यांचं म्हणाल तर रेक्झिनच्या गाद्या इथल्या उकाड्यात दोन उन्हाळे काढतात. मग काळे पापुद्रे कानाला चिकटतात, गालाला चिकटतात. गाद्या बदलून मिळतात की नाही हे घ्यायच्या आधी विचारावं. भावानं एकदा डोकं चालवून टर्किश टॉवेलचे गिलाफ शिवले. घाम थांबला, बेसही गेला. गादी कानाभोवती नीट बसली नाही की खालचा आवाज फटीतून निघून जातो. चष्म्याच्या काड्यांनीसुद्धा हे होतं.

नवी पेठेत दुकानदार धबधब बेसचं गाणं लावून दाखवतो. आपलं गाणं घेऊन जा, पाठ असलेलं. दोन हेडफोन ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. डग्ग्याची घुमक आणि गायकाचा शब्द, दोन्ही एकाच वेळी कळले तर बास.

आवाज बंद करणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मी भावाच्या खोलीत लावून पाहिला. पंख्याची घरघर गायब. शेजारच्या मागाच्या धोट्याचा खटका मात्र जवळपास तसाच. सलग, खालचा आवाज त्याला पकडता येतो, एकदम येणारा फटका नाही.

(दृश्य: पुन्हा खोली. लाईट गेलेली. दारातून येणारा उजेड.)

जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशोब आहे. गाणी ऐकायची तर ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतील. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. मागांच्या शेडमधला आवाज नव्वद-शंभरच्या घरातला असतो. म्हणजे आठवडाभराचा वाटा सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधीच संपतो. अशा कानाचं आधी जातं ते वरचं, ४००० हर्ट्झच्या आसपासचं. बोललेलं ऐकू येतं, नीट कळत नाही.

आज मावशींचा अभंग पुरा झाला. भावानं काकांना आत बोलावलं, क्लोज्ड-बॅक त्यांच्या कानांवर ठेवला, टोपी जरा मागं सरकवून. काका डोळे मिटून ऐकत राहिले. बोटं गुडघ्यावर मृदंगाच्या ठेक्यावर चालली होती, बरोबर ठेक्यावर.

मग म्हणाले, “टाळ कुठं गेले बे?”

टाळ होते. भावानं आणि मी दोघांनी ऐकले होते, स्वच्छ. काकांनी हातानं खूण केली, वाढव. भावानं आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. पडद्यावर टाळांची पट्टी तेवढी शोधली आणि वर सरकवली. अजून थोडी. अजून थोडी.

(लाईट येते. शेजारचे माग चालू होतात.)