हप्ता का चढतो?

नमस्कार, श्रोतेहो.

कापूस विकून आलेल्या पैशातून आरोग्य विम्याचा हप्ता भरणाऱ्या घरांत दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे हप्ता पुन्हा वाढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरी ही तक्रार थांबणारी नाही. औषधे आणि खाटांचे दर वाढले, हे तिचे अर्धे कारण आहे. उरलेले अर्धे आपण विमा कधी घेतो, कधी सोडतो आणि कशासाठी वापरतो यात आहे, आणि त्याबद्दल एजंट सहसा काही सांगत नाही.

हप्ता वाढला की ज्याला दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही, तो ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणत पॉलिसी बंद करतो, आणि ज्याच्या घरी डायलिसिस सुरू आहे तो मात्र उसनवारी करूनही भरतो. उरलेल्या सभासदांत आजारी माणसांचे प्रमाण वाढल्याने पुढचा हप्ता आणखी चढतो आणि आणखी काही धडधाकट माणसे बाहेर पडतात.

हा पेच आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास ओळखला होता. गावकऱ्यांनी सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात रुग्णालयाने उपचार करायचे, अशी ती योजना होती. मात्र गावातली किमान ७५ टक्के घरे सामील झाली तरच त्या गावाला विमा मिळे. केवळ आजारी घरांनी आत यावे, याला वावच नव्हता. अचानक आलेल्या आजारात भरती मोफत असे, तर बाळंतपण किंवा मोतीबिंदू अशा आधी कळणाऱ्या कारणांसाठी खर्चाचा काही वाटा रुग्णाला द्यावा लागे. मला ही अट अनेक जाड पॉलिसींपेक्षा शहाणपणाची वाटते.

आजच्या बहुतेक पॉलिसी भरतीचाच खर्च देतात. रक्तदाबाची रोजची गोळी खिशातूनच घ्यावी लागते. मग पेरणीच्या दिवसांत हात आखडला की आधी ती गोळी बंद होते आणि पुढे पक्षाघाताने माणूस अतिदक्षता विभागात पोहोचला की मोठा क्लेम उभा राहतो. उलट साध्या तापासाठी काउंटरवर “विमा आहे का?” असे विचारले जाते, आणि ‘हो’ म्हटल्यावर दोन सलाईनींसाठी माणूस भरती होतो. गरज असताना टाळलेला आणि गरज नसताना घेतलेला, असे दोन्ही खर्च शेवटी हप्त्यातच येऊन पडतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला हप्ता नसल्याने गळतीचा प्रश्न येत नाही. तिचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तेथेही भर मुख्यतः भरतीवर आणि शस्त्रक्रियांवरच आहे, त्यामुळे गोळीचा प्रश्न तसाच राहतो. या योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे.

खासगी पॉलिसी असेल आणि हप्ता झेपत नसेल, तर ती सोडण्याआधी विम्याची रक्कम कमी करून घेता येते का, हे कंपनीला विचारावे. पॉलिसी खंडित झाली की जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा, जी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षांची असते, नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.