गुलाबांच्या मिरवणुकीतली खेचरं

मंडळी, नमस्कार.

खेचर हा शब्द आपण बहुधा कुणाला नावं ठेवायलाच वापरतो. ना धड घोडा, ना धड गाढव. आज मी बोलणार आहे ती खेचरं सरकारी नोकरीत आहेत, आणि नववर्षाच्या सकाळी लाखो लोकांसमोरून चालत जाताना मी त्यांना पाहिलं आहे.

लॉस एंजेलिसजवळ, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी पसाडेना आहे. तिथली रोझ परेड, म्हणजे गुलाबांची मिरवणूक, १८९० पासूनची. १ जानेवारीला रविवार आला की मिरवणूक सोमवारी निघते. हा नेम १८९३ चा, कारण रविवारी चर्चबाहेर बांधलेले घोडे गर्दीला बुजतील अशी तेव्हा भीती होती. घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, नेम मात्र टिकला. मला याचं फार अप्रूप वाटतं. जनावराची काळजी या मिरवणुकीच्या पंचांगातच लिहिलेली आहे.

लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथाऱ्या टाकतात. सकाळी आठला चित्ररथ सुरू होतात. रथाचा दिसणारा इंच न् इंच फुलं, पानं, बिया नाहीतर सालींनी मढवलेला असावा लागतो. बँडचा दणदणाट सुरू असतो. अमेरिकी वनखात्याच्या खेचरांनी या परेडमध्ये अनेकदा हजेरी लावली आहे. मी पाहिलं तेव्हा त्या दणदणाटामागून खुरांचा ठेका ऐकू आला. पुढे घोड्यावर रेंजर, मागे एकामागे एक बांधलेली खेचरं, पाठीवर ताडपत्रीत बांधलेली ओझी. एकावर दोघांनी मिळून ओढायची लांब करवत होती.

ती करवत शोभेची नव्हती. अमेरिकेत १९६४ साली रानांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली राखलेल्या रानात मोटार चालत नाही, यांत्रिक करवत चालत नाही, सायकलसुद्धा नाही. आणीबाणीसारख्या मोजक्या प्रसंगी सूट मिळते, एरवी नाही. मग वाटेवर आडवं पडलेलं झाड कापायचं कसं? हातकरवतीनं. पुलाचे वासे, कामगारांचा शिधा, तंबू डोंगरात पोचवायचे कसे? खेचरांच्या पाठीवर. माथेरानला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. दस्तुरी नाक्याला मोटार थांबली की पुढचं सामान वर्षानुवर्षं घोड्यांनी नाहीतर हमालांनी वाहिलं आहे.

ओझं कसं बांधतात ते मी जवळून पाहिलं आहे. सामान ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडानं आवळतात. या गाठोड्याला ते मँटी म्हणतात, मूळ स्पॅनिश शब्द मांता. दोन्ही बाजूंची गाठोडी काट्याला लावून तोलतात. एक बाजू थोडी जरी जड झाली तरी खोगीर सरकतं आणि दिवसभराच्या चालीत जनावराची पाठ सोलवटते. म्हणून बांधणारा माणूस एखादा दगड घालतो, नाहीतर डबा इकडचा तिकडे करतो, आणि पुन्हा तोलतो. खेचराला आपण हट्टी म्हणतो. खरं तर ते जिवाला जपणारं जनावर आहे. पाय टाकण्याआधी जागा पारखतं, आणि धोका वाटला तर जागचं हलत नाही. कड्याच्या वाटेवर असाच सोबती हवा.

आता सुतळीची गोष्ट. पुढच्या खेचराच्या खोगिराला मागे दोरीची कडी असते, आणि मागच्याचं दावं तिला बांधतात. ही कडी मुद्दाम कमजोर ठेवतात. एखादं जनावर दरीत घसरलं तर झटक्यासरशी ती तुटावी आणि बाकीचा तांडा त्याच्याबरोबर ओढला जाऊ नये, म्हणून. ते एक जाईल, बाकीची वाचतील. हा हिशेब त्या बोटभर सुतळीत आहे.

परेडचा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा, सपाट डांबराचा. तिथे दरी कुठली? तरीही ती कडी प्रत्येक खोगिराला होती. मी ती पाहिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरवणुकीसाठी म्हणून वेगळं काही बांधलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या घाटात जशी बांधतात तशीच ती बांधून आणली होती. बदल असलाच तर खुरांखाली, कारण गुळगुळीत डांबरावर साधी नाल घसरते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, टाळ्यांचा कडकडाट यातलं त्यांच्या रोजच्या वाटेवर काहीच नसतं. एक खेचर एका पट्ट्यापाशी अडलं. रेंजरनं ओढाताण केली नाही. क्षणभर थांबू दिलं. त्यानं नाक खाली नेऊन हुंगलं आणि पाऊल टाकलं.

२०२५ ची परेड झाली आणि सहाच दिवसांनी, ७ जानेवारीला, पसाडेनाच्या वरच्याच डोंगरात ईटन आग पेटली. शेजारच्या अल्टाडेनात हजारो घरं गेली. वरच्या उतारांवरचा झाडोरा जळाला की पावसात माती सुटते, दरडी येतात, पायवाटा वाहून जातात. त्या पुन्हा बांधायच्या तर पहारी, फावडी, लाकडं वर न्यावी लागतात. जिथे चाक पोचत नाही तिथे पहाटेच कुणीतरी खेचराला खरारा करतं, खोगीर चढवतं, दोन्ही गाठोडी तोलतं, आणि मागच्या कडीला दावं बांधतं.