पडद्याआडची नाडी : वैद्य तान युनशियान

(दृश्य : वूशी शहरातून वाहणारा महाकालवा. मालानं भरलेल्या नावा.)

जुन्या चीनमधल्या वैद्यांची एक म्हण होती. दहा पुरुषांवर उपचार करायला सांगा, पण एका बाईवर नको.

बायकांचे आजार फार गूढ असतात, असं या म्हणीचं कारण सांगितलं जाई. खरं कारण वैद्याच्या बसायच्या जागेत होतं. चिनी वैद्यकात रोग्याची परीक्षा चार वाटांनी होते. चेहरा आणि जीभ पाहायची. आवाज, श्वास ऐकायचा, वास घ्यायचा. प्रश्न विचारायचे. आणि शेवटी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघायची. आता पंधराव्या शतकातल्या एखाद्या घरंदाज घरात या. बाई पडद्याआड. वैद्य परका पुरुष, म्हणजे चेहरा पाहणं आलंच नाही. प्रश्न विचारायचे ते नवऱ्याला, सासूला, नाहीतर दासीला. पाळी कधी आली, अंगावरून किती जातं, हे त्या बाईनं कुणाजवळ बोलायचं? चारपैकी एक वाट उरायची, नाडीची. तीसुद्धा संकोचातच.

तान युनशियान जन्मली ती अशा काळात. साल १४६१, मिंग घराण्याचं राज्य. गाव वूशी, यांगत्से नदीच्या दक्षिणेला, ताई सरोवराच्या काठी. तांदळाचा, रेशमाचा, पैशाचा आणि शिकलेल्या माणसांचा हा प्रदेश.

तान घराण्यात वैद्यकी जुनी. युनशियानचे वडील मात्र शाही परीक्षा देऊन सरकारी अधिकारी झाले आणि नानजिंगच्या न्यायखात्यात नोकरीला लागले. आजी-आजोबाही त्यांच्याकडेच राहायला आले. आजीचं माहेरचं घराणं रू. ही आजी स्वतः औषधोपचार करायची, आणि घरात तिच्या शब्दाला मान होता.

संध्याकाळी आजोबा मद्य घेत बसायचे. लहानगी युनशियान जवळ बसून त्यांना कविता म्हणून दाखवायची, मुलींना शिकवायचे उपदेशग्रंथ आणि पितृभक्तीचा ग्रंथ तोंडपाठ म्हणायची. पोरीची हुशारी पाहून आजोबा खूश झाले आणि म्हणाले, हिला नुसत्या शिवणटिपणात अडकवू नका, आपली वैद्यकी शिकू द्या.

तिच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे. ती लिहिते की तेव्हा मी केस मोकळे सोडलेली पोर होते. वैद्यकी ही चांगली गोष्ट आहे, हेही मला कळत नव्हतं. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, म्हणून केलं. आपण अशा कथांमध्ये बंड शोधत जातो. युनशियानच्या कथेत सुरुवातीला आहे तो मोठ्यांचा हुकूम, आणि तो पाळता पाळता लागलेलं वेड. नाडीवरची पद्यं आणि जुन्या वैद्यकातल्या कठीण प्रश्नांचा ग्रंथ ती दिवसरात्र वाचू लागली. पुस्तक हातातून सुटेना. अडलं की आजीला गाठायचं आणि अर्थ उकलून घ्यायचा.

(दृश्य : औषधी मुळ्या कापायची सुरी, खल, छोटा तराजू.)

लग्न झालं, ती यांग घराण्यात गेली. सासरी तिला एकामागून एक आजारांनी धरलं. वैद्य यायचे. पण ते येण्याआधी ती स्वतःची नाडी स्वतः बघून ठेवायची आणि मग त्यांचं निदान आपल्या निदानाशी ताडून बघायची. औषधं आली की जुडी सोडून एकेक वनस्पती स्वतःच्या हातानं निवडायची. मला या बाईच्या सगळ्या आयुष्यात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. घराबाहेर जाऊन शिकता येत नव्हतं, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या स्वतःच्या शरीरावर तिनं शिक्षण चालू ठेवलं. पुढे तीन मुली आणि एक मुलगा झाला. त्यांची दुखणीखुपणीही तिनंच पाहिली. दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, विचारायचं ते फक्त आजीला.

आजी गेली. जाताना वर्षानुवर्षं अनुभवानं पारखलेल्या औषधयोगांची पुस्तकं आणि औषधं बनवायची हत्यारं नातीला देऊन गेली.

युनशियान त्या दुःखानं कोसळली. सात महिने मरणाच्या दारात होती. आईनं अंत्यविधीची तयारीसुद्धा करून ठेवली. तेव्हा, तिनं लिहिलंय, स्वप्नात आजी आली. तुझ्या आजारावरचा योग अमुक पुस्तकात आहे, म्हणाली. तू बरी होशील, ७३ वर्षं जगशील, माझी विद्या चालवशील आणि माणसं वाचवशील. जाग आल्यावर तिनं तो योग शोधला, औषध तयार केलं, आणि ती उठली.

स्वप्नाच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. त्या समाजात बाईला स्वतःच्या इच्छेनं वैद्यकी करायला निघता येत नव्हतं. घरातल्या ज्येष्ठांची आज्ञा असेल, तर मात्र तिला नाही म्हणणं कुणालाही जड होतं. हातात विद्या होती, मागे आजीचा शब्द होता. त्यानंतर युनशियान थांबली नाही.

ओळखीतल्या घरांमधल्या बायका येऊ लागल्या. पुरुषाकडून उपचार करून घेणं ज्यांना नको होतं, अशा बायका. रीघ लागली.

बायका औषधं देत नव्हत्या असं नव्हे. सुईणी होत्या, जडीबुटी विकणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. राजवाड्यातही राण्या-दासींसाठी अशा बायका नेमल्या जात. पण शिकलेले पुरुष त्यांना कुंटिणी आणि भगतिणी यांच्या रांगेत बसवत आणि घरातल्या बायकांना त्यांच्यापासून दूर ठेवायला सांगत. युनशियान अधिकाऱ्याची मुलगी होती, ग्रंथ वाचलेली होती. तिला तसं हिणवणं सोपं नव्हतं. तिचं शहाणपण अस्सल होतंच. पण तितकीच शहाणी एखादी गरीब सुईण आज आपल्याला नावानं माहीत नाही, हेही बोललं पाहिजे.

(दृश्य : लाकडी ठशांवरून छापलेलं पान, उभ्या ओळी.)

१५१० साली, चिनी मोजणीनं (यात जन्मताच एक वर्ष धरतात) पन्नाशीची झाल्यावर, ती लिहायला बसली. आजीनं सांगितलेल्या ७३ वर्षांपैकी दोन तृतीयांश संपली, असा हिशोब तिनं मांडला. तयार झालं ते एक छोटंसं पुस्तक, ‘नू-यी झा-यान’. स्त्रीवैद्याची संकीर्ण टिपणं. त्यात ३१ रुग्णांच्या नोंदी आहेत आणि सगळे रुग्ण बायका आणि मुली आहेत. चीनमध्ये स्त्रीवैद्यानं स्वतः लिहिलेल्या रुग्णनोंदींचं इतकं जुनं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही.

नोंदी छोट्या आहेत. वय, त्रास, तो कशानं सुरू झाला, काय दिलं. पण त्या ‘कशानं’मध्ये अख्खा समाज येऊन बसला आहे.

एका बाईचे हात बधिर झालेत. ती नावेवर राहते, नावेचं सुकाणू धरते. वारा आणि ओल रोजची अंगावर.

दुसऱ्या एकीच्या अंगावरून तीन महिने रक्त जातंय. युनशियान विचारते, हे सुरू कधी झालं? उत्तर मिळतं विटा-कौलांच्या भट्टीचं. पुरुषांनी करायचं ओझ्याचं काम ही बाई मध्यरात्रीपर्यंत करत होती.

तिसरी ३२ वर्षांची. चार बाळंतपणं झाली, मग दहा वर्षं काही नाही. मुलगा नाही, म्हणून झुरते आहे. नवरा वेश्यांकडे जातो. ऐन पाळीच्या दिवसांत त्यावरून घरात मोठं भांडण झालं आणि तेव्हापासून तिचं दुखणं सुरू झालं.

पडद्यापलीकडे बसलेल्या पुरुषवैद्याला ही बाई हे सांगेल? आणि तिच्या वतीनं उत्तरं देणारा तो नवराच असेल, तर? युनशियानच्या औषधांत जगावेगळं फार नव्हतं. ली दोंगयुआन आणि झू दान्शी या आधीच्या नामवंत वैद्यांच्या परंपरेतले काढे आणि गोळ्या ती देई, आणि कुठला योग कुठून घेतला ते लिहून ठेवी. औषधांच्या जोडीला तिचा भर शेकावर होता. दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळवलेली पानं कुटून त्यांचा कापसासारखा गोळा करायचा आणि शरीरावरच्या ठरावीक जागी तो जाळून ऊब द्यायची. गळ्यावरच्या गाठींवर ती हा उपाय वारंवार करते. हे सगळं पुरुषवैद्यांनाही येत होतं. त्यांच्याजवळ नव्हती ती रुग्णाशेजारची जागा. तिनं विचारलं आणि तिला उत्तर मिळालं.

आपल्याकडे या अडचणीची ओळख आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी हेच कारण सांगितलं होतं. आपल्या बायकांना पुरुष डॉक्टरपुढे बोलता येत नाही, म्हणून बायका डॉक्टर हव्यात. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८९४ साली फूचौची हू किंग एंग ही चिनी तरुणी डॉक्टर झाली. तेव्हा चीनमध्ये सम्राटाचंच राज्य होतं. युनशियानच्या पुस्तकाला पावणेचारशे वर्षं होऊन गेली होती.

तिचं पुस्तक छापायचं कसं, हा प्रश्न होताच. बाईनं बाहेरच्या व्यवहारात पडू नये, असं ती स्वतःच लिहिते. तिनं मुलाला, यांग लिएनला, नक्कल करायला आणि लाकडी ठसे कोरून घ्यायला सांगितलं. मजकूर तिचा, कारागिरांशी बोलणं मुलाचं. हे वाचताना मला राग येतो. तिच्या लिहिण्यात मात्र तक्रारीचा सूर नाही. पुस्तक बाहेर पडलं पाहिजे, एवढंच तिनं पाहिलं. १५११ साली ते छापून झालं.

आजीनं ७३ वर्षं सांगितली होती. युनशियान चिनी मोजणीनं ९६ वर्षं जगली.

मुलगा तिच्या आधी गेला. त्या घरी पुस्तक जपणारं कुणी उरलं नाही. ते जपलं माहेरानं. तान शिऊ हा तिच्या भावाकडचा वंशज, नात्यानं ती त्याच्या आजीच्या पिढीतली. १५८५ साली त्यानं पुस्तकाचे ठसे पुन्हा कोरून घेतले आणि शेवटी स्वतःचे चार शब्द जोडले. आज आपण भट्टीवरच्या त्या बाईबद्दल आणि सुकाणू धरणाऱ्या त्या बाईबद्दल बोलू शकतो ते या दुसऱ्या आवृत्तीमुळे.