अ‍ॅव्हरेज किती देते?

मंडळी, आजचा विषय जाहीर झालाय 'प्लग-इन हायब्रिड गाडी कशी निवडावी', आणि त्यावर मी बोलणारच आहे. प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोलच्या इंजिनासोबत सॉकेटवर चार्ज होणारी बॅटरी असलेली, थोडं अंतर नुसत्या विजेवर जाणारी गाडी. पण आधी मला एका केबलबद्दल सांगू द्या. ती केबल पाहिल्यापासून या गाड्यांकडे बघायची माझी नजरच बदलली.

माझ्या एका मैत्रिणीला वापरलेली प्लग-इन हायब्रिड घ्यायची होती. या गाड्यांचा मला नाद आहे हे तिला ठाऊक, म्हणून तिने मला सोबत नेलं. गाडी तीन वर्षांची, मीटरवर ७१ हजार किलोमीटर. एका कंपनीने आपल्या माणसाला वापरायला दिलेली आणि मुदत संपल्यावर परत घेतलेली. रंग छान, सीट स्वच्छ. मी डिकी उघडली आणि खालची फळी उचलली. तिथे एक काळी पिशवी होती. पिशवीत चार्जिंगची केबल. तिची वेटोळी कारखान्यात बांधलेल्या पट्टीने तशीच बांधलेली होती, टोकावर प्लास्टिकचं टोपण होतं आणि सगळ्यावर पारदर्शक पिशवी चिकटपट्टीने बंद केलेली होती. मी प्लगच्या पिना उजेडात धरून पाहिल्या. एक ओरखडा नाही. सॉकेटमध्ये एकदा जरी प्लग घातला ना, तरी पिनेवर बारीक रेघ उमटते. इथे तीसुद्धा नव्हती. विकणारे गृहस्थ मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बघा, केबल अगदी कोरी आहे. एकदाही वापरलेली नाही!"

तुम्ही हसताय, आणि हसण्यासारखंच आहे ते. पण मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. बॅटरी, मोटर, चार्जर मिळून अशा गाडीत सहज दीड-दोनशे किलो जास्तीचं वजन असतं. मागच्या सीटवर तीन पाहुणे कायमचे बसवून ठेवावेत तसं. ते पाहुणे ७१ हजार किलोमीटर पेट्रोलवर फिरवले, आणि त्यांना ज्या कामासाठी गाडीत घेतलं होतं ते एक दिवसही करू दिलं नाही.

मग मैत्रिणीने तो प्रश्न विचारला, जो आपण सगळेच विचारतो. "अ‍ॅव्हरेज किती देते?" गृहस्थांनी माहितीपत्रक काढलं आणि सांगितलं, लिटरला साठ. मी चावी फिरवली, पडद्यावर आजवरचा हिशेब उघडला. तिथे होतं तेरा.

साठ आणि तेरा. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि आज मला मुख्य सांगायचंय ते हेच. आपल्या बोलण्यात 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द इतका रुळलाय की तो गाडीचा गुण आहे असंच आपल्याला वाटतं. साध्या पेट्रोल गाडीपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण प्लग-इन हायब्रिडला स्वतःचं असं अ‍ॅव्हरेजच नसतं. ते तिच्या मालकाचं असतं.

कागदावरचा साठ कसा येतो बघा. प्रयोगशाळेत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर चालवतात, एकदा रिकाम्या. मग दोन्ही आकडे एका ठरावीक प्रमाणात मिसळतात. लोक किती अंतर विजेवर कापतील याचा अंदाज म्हणजे ते प्रमाण. अंदाज चुकला की आकडा कोसळतो. आयसीसीटी आणि जर्मनीतली फ्राउनहोफर या संशोधन संस्थांनी २०२२ मध्ये युरोपातल्या गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासला. कागदावर १०० किलोमीटरला १.६ ते १.७ लिटर, म्हणजे लिटरला साठच्या आसपास. खाजगी मालकांच्या गाड्या निघाल्या ४ ते ४.४ लिटरवर, म्हणजे लिटरला २३ ते २५. कंपनीने दिलेल्या गाड्या ७.६ ते ८.४ लिटरवर, म्हणजे बारा-तेरा! तो पडद्यावरचा तेराच. कारण साधं आहे. पेट्रोलचं बिल कंपनी भरते आणि विजेचं बिल घरी येतं, मग प्लग कोण लावणार? पुढे युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदवलेल्या गाड्यांच्या आतल्या मोजयंत्रांतून माहिती गोळा केली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्बन डायऑक्साइड कागदापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाला. नव्या मॉडेलांसाठी ते मिसळायचं प्रमाण २०२५ पासून तिथे कडक केलंय.

इथे थोडं विषयांतर करतो, अध्यक्षांनी माफ करावं. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी १९९७ मध्ये आली, तेव्हा तिला प्लगच नव्हता. ब्रेक लावताना मिळेल ती आणि इंजिन देईल ती वीज, एवढंच. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅलकार्स' नावाच्या गटातल्या हौशी लोकांनी एका प्रियसच्या डिकीत लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या भरल्या आणि तिला भिंतीवरच्या सॉकेटमधून चार्ज करायची सोय केली. कंपनी देत नाही तर आपण करू, म्हणून. २००८ च्या डिसेंबरात चीनमध्ये बीवायडी कंपनीची एफ३डीएम ही प्लग-इन हायब्रिड विक्रीला आली, २०१० च्या डिसेंबरात अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट. व्होल्ट तर अशी, की मालक सतत विजेवरच फिरत राहिला तर टाकीतलं पेट्रोल वर्षापेक्षा जुनं होऊ नये म्हणून गाडी आपणहून इंजिन सुरू करून ते संपवायची. म्हणजे लोक खरोखर इतकं विजेवर फिरत होते! एका प्लगसाठी माणसांनी एवढा खटाटोप केला, आणि मी तो प्लग चिकटपट्टीने बंद केलेल्या पिशवीत पाहिला. म्हणून ती केबल मला विसरता येत नाही.

तर, उपाय. वही. गाडी बघायला जाण्याआधी तीस दिवस रोजचे किलोमीटर लिहा. महिन्याची बेरीज नको, रोजचा आकडा हवा. का, ते सांगतो. समजा महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात, म्हणजे रोजचे सरासरी पन्नास, आणि गाडी विजेवर पन्नास जाते. सरासरी बघून वाटेल, पेट्रोल लागणारच नाही. आता वह्या उघडू. पहिल्या माणसाचे रोज खरोखरच पन्नास होतात. त्याचं सगळं विजेवर भागलं. दुसऱ्याचे बावीस दिवस अठ्ठावीस-अठ्ठावीस, आणि महिन्यातून एकदा दूर जाणं, जाताना ४४०, येताना ४४०. रोज रात्री चार्ज करूनही त्याचं निम्म्याहून थोडं कमीच विजेवर होईल. त्याने दुप्पट मोठी बॅटरी घेतली तर? विजेवरचे महिन्याला फक्त शंभर किलोमीटर वाढतील. तिसऱ्याचे वीस दिवस पंचाहत्तर. त्याचं दोन तृतीयांश विजेवर. पण कामाच्या ठिकाणी प्लग मिळाला तर त्याच छोट्या बॅटरीत सगळंच भागतं. बेरीज तिघांची जवळपास सारखी, आणि गाडी तिघांना वेगवेगळी लागते.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. निवडीचं भराभर सांगतो.

रात्री गाडी जिथे उभी असते तिथे सॉकेट नसेल, तर ही गाडी घेऊ नका. प्लग नसलेली साधी हायब्रिड घ्या, ती हलकी असते. आणि लांबचा प्रवास वर्षातून दोनदाच असेल तर पूर्ण इलेक्ट्रिकचाही विचार करा. सॉकेट असेल तर त्याला स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग हवं, एक्स्टेन्शन बोर्डावर हे काम नको. घरच्या साध्या सॉकेटवरून तासाला दोन युनिट धरा, म्हणजे बारा युनिटची बॅटरी रात्रीत आरामात भरते. बहुतेकांना भारी चार्जरची गरज नसते.

बॅटरी किती युनिटची, यापेक्षा त्यातली वापरायला किती मिळते ते विचारा. मध्यम गाडी युनिटला पाचेक किलोमीटर जाते. थंडीत त्यातला पाव भाग तरी वजा करा. हीटर लावला की इंजिन सुरू होतं का, हे विचाराच. काही गाड्यांत होतं, आणि मग हिवाळ्यात 'विजेवर जाते' म्हणण्यात अर्थ राहत नाही. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर इंजिन जागं होतं का, तेही बघा.

डिकी उघडून स्वतःचं सामान ठेवून बघा. बॅटरीमुळे जागा कमी होते, पुष्कळदा स्टेपनी जाते, पेट्रोलची टाकीही लहान असू शकते. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की लागू होते, हे लेखी घ्या. चालताना इंजिनकडून बॅटरी भरायचं बटण असतं, ते सहसा वापरू नका, त्यात पेट्रोल जास्त जळतं. बॅटरी राखून ठेवायचं बटण मात्र कामाचं. लांबून येताना शहरातल्या शेवटच्या टप्प्यासाठी वीज शिल्लक राहते.

आणि एक. चालवून बघायला जाल तेव्हा गाडी पूर्ण चार्ज करून तुमच्या हातात देतील. ती छान, गुळगुळीत, आवाज न करता चालेल. त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, बॅटरी संपलेली हवी. मग चार माणसं बसवून चढावर न्या, इंजिन किती ओरडतं ते ऐका, आणि परतल्यावर पडद्यावरचा आकडा वहीत लिहून घ्या.