चार चुडांमागे एक गोळी

कोकणातल्या या खाचरात गुडघ्याखाली पाणी आहे आणि शेतकरी पाटीतला युरिया मुठीमुठीने फोकतो आहे. पांढरे दाणे कुठे दाट, कुठे विरळ पडतात. बांधालगत मूठ जड सुटते, तर मध्यभागी पाय रुतू लागले की ती आपोआप हलकी होते. दाणे पाण्यात पाहता पाहता विरघळतात, आणि मग एखादी मोठी सर आली की बांधाच्या तोंडातून जे पाणी वहाळाकडे धावते, त्याच्यासोबत शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले नत्रही जाते.

शेजारच्या खाचरात खताचे माप हाताच्या अंदाजावर सोडलेले नाही. ते दोराने ठरते. या दोरावर 15 आणि 25 सेंटीमीटरवर आलटून पालटून खुणा बांधलेल्या आहेत. दोन बाया दोराची टोके धरतात, बाकीच्या प्रत्येक खुणेपाशी एक चूड, म्हणजे दोन-चार रोपांचा जुडगा, लावतात, आणि पुढची ओळही याच अंतरांनी सरकत असल्यामुळे चार-चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीतले हे तिसरे सूत्र, नियंत्रित लावणी. चौथे सूत्र, खताची गोळी, यांच्यातल्याच एका बाईच्या ओंजळीत आहे.

उशीच्या आकाराची ही गोळी युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे खत) एकत्र दाबून केलेली असून तिचे वजन 2.7 ग्रॅम आहे. लावणी झाली त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी ती 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची असते. बोटे तळव्यापर्यंत चिखलात जातात, गोळी आत सुटते आणि वरचे भोक तळव्याने बुजवले जाते. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत. एकाही चौकोनाला कमी नाही, जास्त नाही. त्या खोलीवर चिखलात प्राणवायू नसल्यामुळे अमोनियाच्या रूपातले नत्र मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे ते हळूहळू उचलतात. पाण्यात आणि हवेत जाणारा वाटा त्यामुळे घटतो.

काम वाकून करायचे आहे आणि लावणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत, ही अडचण आहेच.

गोळी खोचलेल्या चौकोनात पाय पडता कामा नये, म्हणून बाया 25 सेंटीमीटरच्या मोकळ्या पट्ट्यांतूनच मागे सरकत आहेत. पुढे बेणणीला, म्हणजे तण काढायलाही, याच वाटा लागतील.